शर्यतीच्या आसपासचे गाढवपणे: लांब पल्ल्याच्या धावपटूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नुसतं पूर्ण करण्यासाठी नव्हे, तर नंबरासाठी किंवा वेळेसाठी धावणाऱ्यांकरता आहे. ५ किलोमीटरपासून पूर्ण मॅरेथॉनपर्यंत, रस्त्यावर आणि ट्रॅकवर. सराव कसा करावा ते इथे नाही. केलेला सराव शर्यतीच्या दिवशी कसा वाया जातो, एवढंच आहे.

१. सराव व्यवस्थित झालेला असतो, तरी नेमकी शर्यतीतच माती का खाल्ली जाते?

कारण धावण्याचा सराव वर्षातून तीनशे दिवस होतो आणि शर्यती होतात आठ-दहा. गर्दीत उभं राहणं, बिब (नंबराचा कागद) लावणं, धावता धावता पाण्याचा पेला पकडणं, पहाटे अडीचला उठून काहीतरी गिळणं याचा सराव कुणीच करत नाही. त्यामुळे चुका होतात त्या पायांच्या नाहीत, आजूबाजूच्या गोष्टींच्या.

उपाय म्हणजे रंगीत तालीम. शर्यतीच्या साधारण तीन आठवडे आधी एक लाँग रन शर्यतीच्याच वेळेला काढा. तेच बूट, तेच मोजे, तीच बनियन, तोच नाश्ता, तेच जेल (धावताना खायचा, पाकिटातला साखरेचा घट्ट पाक). मधले १० ते १५ किलोमीटर शर्यतीच्या पेसला (दर किलोमीटरला लागणाऱ्या वेळेला). काखेत घासणारी शिवण आणि पोटाला न मानवणारं जेल त्या दिवशी सापडलं तर काही बिघडत नाही.

२. शेवटच्या आठवड्यात पाय जड वाटतात. एक जोरदार रन मारून खात्री करून घेऊ का?

नको. शेवटच्या दहा दिवसांतल्या कष्टांचा फायदा शर्यतीपर्यंत अंगी लागत नाही, थकवा मात्र लागतो. मॅरेथॉनसाठी साधारण दोन आठवडे आधीपासून किलोमीटर ४० ते ६० टक्क्यांनी कमी करा, वेग तसाच ठेवा. बरेच जण उलटं करतात: अंतर तेवढंच ठेवून सगळं संथ धावतात. मग पाय ताजेही होत नाहीत आणि पेसही विसरतात. शर्यतीच्या आठवड्यात शर्यतीच्या पेसला एक-एक किलोमीटरचे दोन-तीन तुकडे पुरतात. जडपणा बहुधा स्नायूंत साठलेल्या साखरेचा आणि पाण्याचा असतो (प्रश्न ३ पाहा).

आदल्या दिवशी एक्स्पोत (बिब वाटतात त्या प्रदर्शनात) तीन तास उभं राहणं, हासुद्धा एक रनच समजा. बिब घ्या आणि निघा.

३. कार्ब लोडिंग म्हणजे आदल्या रात्री भरपूर जेवायचं ना?

इथेच बहुतेकांचं पोट बिघडतं. एका जेवणात स्नायूंतला साखरेचा साठा भरत नाही. मॅरेथॉनसाठी ३६ ते ४८ तास, दर किलो वजनामागे दिवसाला १० ते १२ ग्रॅम कर्बोदकं लागतात. ६० किलोच्या धावपटूला म्हणजे रोज ६०० ग्रॅमच्या वर. नुसत्या भाताने भागवायचं म्हटलं तर शिजलेला भात दोन किलोच्या पुढे जातो, कारण १०० ग्रॅम शिजलेल्या भातात कर्बोदकं सुमारे २८ ग्रॅमच असतात. म्हणून वाटून घ्या: दिवसभरात ९०० ग्रॅम भात, १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांचे पोहे, चार केळी, आठ स्लाइस ब्रेड, आणि सरबत-चहातून १०० ग्रॅम साखर किंवा गूळ. हिशेब सहाशेच्या थोडा वर जातो.

आता चुका. एक, तूपतेल वाढवणं: बिर्याणी, पुरी, तर्रीदार मिसळ. यात चरबी जास्त, साठा कमी. दोन, या दोन दिवसांत ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, कोशिंबीर नेहमीइतकीच खाणं. एरवी उत्तम, पण तंतू पोटात राहतात आणि तिसाव्या किलोमीटरला आठवण करून देतात. साबुदाणा खिचडी चालते, दाण्याचं कूट निम्मं करा. तीन, वजन किलो-दीड किलो वाढलं म्हणून घाबरून जेवण तोडणं. एक ग्रॅम ग्लायकोजेन (हीच ती साठवलेली साखर) सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. तो काटा म्हणजे साठा भरल्याची पावती आहे.

५ किंवा १० किलोमीटरसाठी हे काहीही करू नका. नेहमीचं हलकं जेवण पुरे.

४. एक्स्पोत सवलतीत कार्बन प्लेटचे (तळव्यात कडक पट्टी असलेले) बूट मिळाले. उद्या घालू का?

घालू नका. केनियाचा दिग्गज मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे याने 2015 ची बर्लिन मॅरेथॉन जिंकली तेव्हा दोन्ही बुटांतले इनसोल घसरून टाचेमागे बाहेर लोंबत होते. तो 2:04:00 मध्ये जिंकला, पण तो किपचोगे होता. आपल्याला मात्र पायाला आलेल्या फोडांसकट चौदा किलोमीटर चालावं लागतं.

नवा बूट शर्यतीत घालण्याआधी किमान ४०-५० किलोमीटर चालवा, त्यातला एक रन पेसवर हवा. प्लेटच्या बुटात पोटरी आणि टाचेच्या शिरेवर भार वेगळ्या पद्धतीने येतो. तो पहिल्यांदाच ४२ किलोमीटर आला तर गुडघा नाही, पोटरी धरते. नाडीला दुहेरी गाठ मारा आणि टोकं आत खोचा. गाठ मारायच्या आधी नाडी पाण्याने किंचित ओली केली तर ती सुटत नाही.

५. बुटांच्या तळव्याच्या जाडीचा नियम आपल्याला लागू होतो का?

बक्षिसासाठी किंवा अधिकृत नोंदीसाठी धावत असाल तर होतो. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या नियमानुसार रस्त्यावर तळवा ४० मिलीमीटरपेक्षा जाड नको. ट्रॅकवर नोव्हेंबर 2024 पासून सगळ्या धावण्याच्या प्रकारांना मर्यादा २० मिलीमीटर. म्हणजे रस्त्यावरचे जाड बूट घालून ट्रॅकवर १० हजार मीटर धावलात तर निकाल जाऊ शकतो. जिल्हा पातळीवर कुणी मोजत नाही हे खरं. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर त्या भरवशावर राहू नका.

सगळ्यात महागडा किस्सा देरारा हुरिसाचा. हा इथिओपियाचा धावपटू 2020 ची मुंबई मॅरेथॉन उसन्या बुटांत धावला आणि 2:08:09 असा तेव्हाचा स्पर्धाविक्रम करून जिंकला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2021 मध्ये, व्हिएन्नात तो पहिला आला आणि बाद झाला: तळवा ५ सेंटीमीटरचा होता, मर्यादा ४ ची. शर्यतीआधी त्याने नोंदवलेली जोडी नियमात बसणारी होती. धावताना पायात दुसरीच होती. थोडक्यात, कागदावर जे लिहाल तेच पायात घाला.

६. बिब कुठे, कसं लावायचं? माझी वेळ निकालात आलीच नाही.

छातीवर, चार पिना, सपाट. नियम म्हणतो की बिब कापायचं नाही, दुमडायचं नाही, झाकायचं नाही. लांब पल्ल्यात हवा जाण्यासाठी बारीक भोकं पाडायची मुभा आहे, पण आकड्यांवर नाही. पुढे-मागे दोन दिली असतील तर दोन्ही लावा.

वेळ न येण्याची कारणं बहुतेक वेळा अशी असतात. वेळ नोंदवणारी चिप बिबच्या मागे पातळ पट्टीच्या रूपात असते आणि बिब खिशात मावावं म्हणून कुणीतरी ती पट्टीच दुमडतो. किंवा बिब मांडीवर किंवा पाठीवर लावतो. किंवा बिबच्या मागे कमरपट्टा, त्यात फोन आणि चंदेरी पाकिटातली जेल. धातू आणि पाणी दोन्ही त्या रेडिओ लहरी अडवतात. जाकीट घालून अंतिम रेषा ओलांडली की फोटोतही नंबर दिसत नाही, म्हणजे तपासायलाही पुरावा उरत नाही.

७. मित्राला दुखापत झाली. त्याच्या बिबवर मी धावलो तर काय बिघडतं?

बाद ठरता, आणि बरेच आयोजक पुढच्या वर्षांसाठी दोघांनाही बंदी घालतात. त्याहून वाईट म्हणजे, वैद्यकीय तंबूत तुम्ही बेशुद्ध असताना बिबवरून कळणारं नाव, रक्तगट आणि घरचा फोन मित्राचा असतो. आणखी एक गोष्ट लक्षात येत नाही: बहिणीच्या बिबवर भाऊ धावला तर महिलांच्या वयोगटातलं एक खरं बक्षीस हिरावलं जातं. 1999 च्या कॉम्रेड्समध्ये (दक्षिण आफ्रिकेतली मॅरेथॉनहून लांब शर्यत) दोन भावांनी शौचालयात कपडे बदलून शर्यत वाटून घेतली होती. फोटोत एकाचं घड्याळ उजव्या हातात, दुसऱ्याचं डाव्या, त्यावरून पकडले गेले.

आयोजक नाव बदलून देत असतील तर तेवढाच मार्ग.

८. शर्यत पहाटे पाचला. नाश्ता कधी करू आणि पोटाचं काय?

सुरुवातीच्या अडीच-तीन तास आधी, म्हणजे दोन-अडीचला. दर किलो वजनामागे १ ते २ ग्रॅम कर्बोदकं: दोन केळी आणि जॅम लावलेले तीन-चार ब्रेड, किंवा गूळ घातलेला मऊ भात. दूध सवयीचं नसेल तर नको. चहा-कॉफी रोज घेत असाल तर घ्या, तीच पोट साफ करायला मदत करते. खाऊन पुन्हा तासभर आडवं झालात तरी चालतं. झोपेची काळजी आदल्या रात्रीची नको, त्याच्या आदल्या रात्रीची करा.

चूक होते ती उशिरा पोचण्याची. मुंबईत शर्यतीच्या पहाटे जादा लोकल सोडतात. त्यांचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा, कारण रस्ते बंद झाल्यावर रिक्षा-टॅक्सी काही कामाची नाही. बॅग जमा करायला आणि शौचालयाच्या रांगेला मिळून पाऊण तास धरा. स्वतःचा टॉयलेट पेपर न्या.

गावोगावच्या बक्षिसाच्या मॅरेथॉनला रात्रीच्या एसटीने जाऊन मंदिरात किंवा शाळेत झोपणाऱ्यांसाठी: सोबत चादर, नाश्ता आणि पाणी घरचं ठेवा. मुक्कामाच्या जागी पहाटे काही मिळेल असं गृहीत धरू नका. ढाब्यावरचं रात्रीचं जेवण ही या मंडळींची पहिल्या क्रमांकाची चूक आहे.

९. लांब शर्यतीला वॉर्मअप लागतो का?

पूर्ण मॅरेथॉनला पाच-दहा मिनिटं हलकं जॉगिंग पुरे, पहिला किलोमीटरच वॉर्मअप समजा. ५ आणि १० किलोमीटरला मात्र १५ मिनिटं जॉगिंग आणि ८०-१०० मीटरच्या चार-पाच स्ट्राइड्स (वेग वाढवत नेलेल्या छोट्या धावा) हव्यातच. वॉर्मअप करून भाषणं संपेपर्यंत अर्धा तास उभं राहणं, ही आपल्याकडची खास अडचण. पाहुणे आले की मग स्ट्राइड्स सुरू करा.

१०. पहिला किलोमीटर वेगात गेला तर वेळ 'जमा' होते ना?

नाही, उसनी घेतली जाते, आणि व्याज जबर असतं. ३:३० ची मॅरेथॉन म्हणजे दर किलोमीटर ४:५९. पहिले दहा किलोमीटर ४:४५ ने गेलात तर हातात दोन मिनिटं वीस सेकंद दिसतात. पण जास्त वेगात चरबीपेक्षा ग्लायकोजेन जास्त जळतं. तो साठा तीस-बत्तीसच्या आसपास संपला की पेस सहा-साडेसहावर जातो. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये त्या दोन मिनिटांचे पंधरा होतात.

पहिले तीन किलोमीटर ठरलेल्या पेसपेक्षा पाच ते दहा सेकंद संथ जा. फार संथ वाटलं पाहिजे. तसं वाटलं नाही तर तुम्ही चुकताय. पुढच्या रांगेत घुसणंही याच चुकीचं भावंड: तिथले सगळे किलोमीटरला चार मिनिटांच्या पेसचे असतात आणि तुम्ही त्यांच्यासोबत ओढले जाता.

चढ-उताराच्या मार्गावर सम पेस धरणं हा वेगळा गाढवपणा. साताऱ्याच्या हिल हाफमध्ये आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने उतरायचं. तिथे चढ श्वासाच्या अंदाजाने घ्या, घड्याळाकडे पाहू नका. आणि उतारावर लांब टांगा टाकू नका, मांड्यांचे पुढचे स्नायू ब्रेक लावून लावून फाटतात, मग शेवटच्या सपाटीवर पाय उचलत नाहीत. मुंबईतला पेडर रोडचा चढ फार मोठा नाही. तो पूर्ण मॅरेथॉनमध्ये पस्तिशीनंतर येतो म्हणून बदनाम आहे.

उन्हात तर हिशेब आणखी कडक. 1954 मध्ये व्हँकुव्हरच्या मॅरेथॉनमध्ये ब्रिटनचा जिम पीटर्स तब्बल १७ मिनिटं पुढे असताना उन्हात तसाच पळत राहिला. स्टेडियममध्ये पुन्हा पुन्हा कोसळला आणि शर्यत पूर्ण करू शकला नाही. दमट हवेत वेळेचं उद्दिष्ट सुरुवातीलाच बदला. पंचविसाव्या किलोमीटरला बदलून उपयोग नसतो.

११. घड्याळात ४२.६ किलोमीटर दाखवलं. मार्ग चुकीचा मोजला होता का?

प्रमाणित मार्ग असेल तर बहुधा नाही. मार्ग मोजतात तो चाकाला मोजणीयंत्र लावलेल्या, आधी नीट जुळवून घेतलेल्या सायकलने, प्रत्येक वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटरवरून, म्हणजे शक्य तितक्या छोट्या रेषेवरून. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात, मॅरेथॉनला ४२ मीटर. तुम्ही वळणं बाहेरून घेता, पाण्यासाठी आडवे जाता, आणि उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं. त्याची बेरीज तीन-चारशे मीटर.

मूर्खपणा असा की घड्याळाच्या पेसवर विसंबून ३:०० चा बेत करायचा. बेत ४:१६ चा, घड्याळही ४:१६ दाखवतंय, आणि शेवटी ३:०२ लागतात. ४२.६ दिसणार हे धरलं तर घड्याळावर ४:१३ दिसायला हवं. त्यापेक्षा ऑटोलॅप (घड्याळाने आपोआप किलोमीटर नोंदवणं) बंद करा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी लॅपचं बटण स्वतः दाबा. दर पाच किलोमीटरची एकूण वेळ मनगटावर पेनाने लिहून ठेवा: २१:२०, ४२:४०, १:०४:००. गाडी चुकली की लगेच कळतं.

१२. चिप टाइमने मी तिसरा, पण बक्षीस दुसऱ्याला. का?

कारण क्रमांक बहुतेक ठिकाणी बंदुकीच्या वेळेवर ठरतो: गोळी सुटल्यापासून अंतिम रेषेपर्यंत. चिप टाइम म्हणजे तुम्ही सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनचा. वयोगटाची बक्षिसं काही आयोजक चिपवर देतात, काही बंदुकीवर. माहितीपत्रकात आधी वाचा. बक्षिसाच्या आशेने आला असाल तर पुढच्या गटात उभं राहायला मिळावं म्हणून नोंदणीच्या वेळीच आधीच्या शर्यतीचा दाखला जोडा. प्रश्न १० मधला इशारा इथे लागू नाही: जे खरोखर त्या पेसचे आहेत त्यांनी पुढेच उभं राहावं.

आधार कार्ड सोबत ठेवा. वयाच्या पुराव्याअभावी व्यासपीठावरून परत आलेले लोक दर मोसमात असतात.

१३. प्रत्येक टेबलावर पाणी प्यायचं की नाही?

तहान लागेल तसं. बहुतेकांना तासाला ४०० ते ८०० मिली पुरतं. हळू धावणाऱ्याला आणि थंडीत त्याहून कमी. स्वतःचा आकडा काढायचा असेल तर एक तास धावण्याआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. जितके ग्रॅम कमी तितके मिली घाम, त्यात प्यायलेलं पाणी मिळवा.

कमी पिण्यापेक्षा जास्त पिणं धोकादायक ठरू शकतं हे अजून बऱ्याच जणांना पटत नाही. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालं होतं, आणि त्याचा संबंध शर्यतीत वजन वाढण्याशी, म्हणजे अति पिण्याशी होता. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं. अशा माणसाला 'पाणी पी' म्हणून आग्रह करू नका.

जेल पाण्याबरोबर घ्या, इलेक्ट्रॉलच्या गोड द्रावणाबरोबर नको, पोटात साखर दाट होते. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं. तासाला ३० ते ६० ग्रॅमचं गणित धरा, अडीच तासांच्या पुढच्या शर्यतीत सवय असेल तर ९० पर्यंत. पहिलं जेल दमल्यावर घेणं ही नेहमीची चूक. अर्ध्या-पाऊण तासाला सुरू करा.

१४. भावाने सायकलवरून सोबत येऊन पाणी दिलं, पेस दिला. कुणी तक्रार केली तर?

तक्रार योग्य ठरेल. शर्यतीत नसलेल्या माणसाने, सायकलने किंवा मोटरसायकलने पेस देणं ही बाहेरची मदत आहे. पाणीही अधिकृत टेबलाशिवाय इतरत्र घेतलं तर पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा बाद. सुरुवातीपासून स्वतःची बाटली हातात घेऊन धावायला मात्र हरकत नाही. बक्षिसाच्या स्पर्धकाने इअरफोनही घालू नयेत. हजारोंच्या गर्दीत कुणी बघत नाही, पण चौथा आलेला माणूस बघत असतो.

१५. स्वयंसेवकाने चुकीचा रस्ता दाखवला. जबाबदारी कुणाची?

बक्षिसापुरती तुमचीच. आयोजक माफी मागतील, वेळ परत देणार नाहीत. 2017 च्या व्हेनिस मॅरेथॉनमध्ये आघाडीचा गट पुढच्या मोटरसायकलमागे मार्ग सोडून गेला, आणि मागून येणारा इटलीचा एयोब फानिएल जिंकला. 1994 मध्ये न्यूयॉर्कला जर्मान सिल्व्हा शेवटच्या मैलातच पोलिसांच्या गाडीमागे वळला, चूक लक्षात येताच उलटा फिरला आणि दोन सेकंदांनी जिंकला. त्याचं उदाहरण पाठ करण्यासारखं: चुकलात तर जिथून चुकलात तिथेच परत या. मधून आडवा रस्ता काढून पुन्हा मार्गावर आलात तर अंतर कमी भरून तुम्हीच बाद होता.

आदल्या दिवशी नकाशा बघा. १० आणि २१ किलोमीटरचे फाटे कुठे फुटतात आणि यू-टर्न किती आहेत, एवढं तरी. यू-टर्नवर चिपची चटई असते. ती न ओलांडता खुणेच्या शंकूच्या अलीकडून वळणारे निकालातून गायब होतात.

१६. ट्रॅकवर लॅप मोजताना गोंधळ होतो. काय करू?

५ हजार मीटर म्हणजे साडेबारा लॅप (४०० मीटरच्या फेऱ्या), सुरुवात २०० मीटरच्या खुणेपासून. पहिला अर्धा लॅप पूर्ण धरणं हा नेहमीचा घोटाळा. १० हजारला पंचवीस पूर्ण. रेषेजवळच्या फळ्यावर उरलेले लॅप असतात ते आघाडीच्या धावपटूचे. तुम्हाला एकदा ओलांडून गेले असतील तर तुमचा एक जास्त. घंटाही दुसऱ्या कुणासाठी वाजलेली असू शकते. घड्याळाने पडताळा: ३३ मिनिटांच्या १० हजारला प्रत्येक लॅप ७९ सेकंदांचा, म्हणून २४ लॅप संपताना ३१:४० च्या आसपास दिसायला हवं.

मोठ्यांचंही चुकतं. 2019 मध्ये लोझानला हागोस गेब्रहिवेत ५ हजार मीटरमध्ये एक लॅप आधीच जिंकल्याचा आनंद साजरा करून थांबला. कळल्यावर पुन्हा पळाला, दहावा आला.

आतल्या कडेचंही लक्षात ठेवा. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गोविंदन लक्ष्मणन १० हजार मीटरमध्ये तिसरा आला, पण ओलांडून पुढे जाताना पाऊल ट्रॅकच्या आत पडलं म्हणून कांस्य गेलं. आता नियम थोडा सैल आहे, वळणावर चुकून एकदा एक पाऊल पडलं तर शर्यत शाबूत राहते. दुसऱ्यांदा नाही. गर्दीत आतून घुसायचा मोह टाळा, बाहेरून जायला दोन-तीन मीटरच जास्त पडतात.

१७. शेवटी हात वर करायला कधी सुरुवात करावी?

रेषा पार झाल्यावर. 2015 च्या बीजिंग जागतिक स्पर्धेत मॉली हडलने १० हजार मीटरच्या रेषेआधीच हात उचलले, आणि आतून आलेल्या एमिली इन्फेल्डने ०.०९ सेकंदाने कांस्य नेलं. 2012 मध्ये स्पेनमधल्या एका क्रॉस कंट्रीत केनियाचा एबल मुताई रेषा आली समजून दहा मीटर आधीच थांबला. मागून आलेल्या इव्हान फर्नांडेझने त्याला ओलांडण्याऐवजी पुढे जायला खुणावलं. असा इव्हान तुमच्या मागे असेलच असं नाही.

रस्त्यावर कमान ही रेषा नसते, जमिनीवरची चटई असते. कधी दोन असतात. शेवटचीही ओलांडा, मग घड्याळ बंद करा.

१८. रेषा ओलांडल्यावर चक्कर येते. बसू का?

एकदम थांबू नका, दहा मिनिटं चालत राहा. पोटऱ्यांची हालचाल थांबली की रक्त पायांत साचतं आणि रक्तदाब घसरतो. तरीही डोळ्यापुढे अंधारी आली तर आडवं होऊन पाय उंच करा. कुणी शुद्धीत असूनही बडबडतोय, अंग भाजतंय, तर तो उष्माघात समजून आधी थंड पाण्यात बुडवा किंवा ओतत राहा, मग रुग्णवाहिका. आधी गाडीत घालून वेळ घालवणं ही जिवावरची चूक आहे.

१९. दुखणं वाढू नये म्हणून आधीच ब्रुफेन घेऊ का?

नको. घाम गेलेल्या शरीरात मूत्रपिंडाकडे रक्त आधीच कमी जातं, ही गोळी ते आणखी घटवते. शर्यतीनंतरही लघवी नीट झाल्याशिवाय घेऊ नका.

२०. शर्यतीच्या आठवड्यात सर्दी-खोकला झाला. मेडिकलमधून औषध घेतलं तर डोपिंग होईल का?

होऊ शकतं, आणि 'माहीत नव्हतं' याला किंमत नाही. आपल्याकडच्या कितीतरी खोकल्याच्या सिरपमध्ये टर्ब्युटलिन असतं, आणि ते वर्षभर प्रतिबंधित आहे, फक्त शर्यतीपुरतं नाही. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन शर्यतीच्या काळात ठरावीक प्रमाणापुढे चालत नाही. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक 2024 पासून शर्यतीच्या काळात बंद. हा 'शर्यतीचा काळ' आदल्या रात्री ११:५९ ला सुरू होतो. बाटलीवरचं नाव नाही, मागचे घटक वाचा. डॉक्टरांना 'मी स्पर्धक आहे' हे आधी सांगा.

दोन खास आपल्याकडच्या सवयी. अशक्तपणावर सलाईन लावून घेणं: १२ तासांत १०० मिलीच्या वर शिरेतून काहीही घेणं रुग्णालयातल्या खऱ्या उपचाराशिवाय प्रतिबंधित आहे, मग आत नुसतं मीठपाणी असलं तरी. आणि गुडघ्यात किंवा कमरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन: शर्यतीच्या काळात ते अंगात सापडलं तर अडकता. स्नायूत दिलेलं ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड तर जायला ६० दिवस धरावे लागतात. औषध टाळता येत नसेल तर उपचारासाठीची सूट आधी मागायची असते. चाचणीला बोलावल्यावर 'बस चुकेल' म्हणून निघून जाणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा चार वर्षांपर्यंत.

ताप असेल, छातीत कफ असेल किंवा अंग मोडून येत असेल तर औषधाचा प्रश्नच नाही, धावू नका. विषाणूचा ताप अंगात असताना जोर लावला तर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते.

२१. मला ढकललं, मी पडलो. तक्रार कुठे आणि कधी?

निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत, पंचप्रमुखांकडे, तोंडी चालतं. धावपटू स्वतः किंवा त्याच्या वतीने कुणीही. ते फेटाळलं तर ज्यूरीकडे (अपील ऐकणाऱ्या समितीकडे) लेखी अपील, अनामत भरून. घरी जाऊन व्हिडिओ पाहून केलेल्या तक्रारीला अर्थ नाही. पडलात तरी उठून शर्यत पूर्ण करा. 2019 च्या दोहा जागतिक स्पर्धेत बीडच्या अविनाश साबळेला स्टीपलचेसच्या (हर्डल आणि पाणी ओलांडत धावायच्या शर्यतीच्या) प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूंमुळे अडथळा झाला. तो धावत राहिला, भारताने दाद मागितली आणि त्याला अंतिम फेरीत घेतलं गेलं. तिथे त्याने 8:21.37 असा राष्ट्रीय विक्रम केला आणि ऑलिंपिकची पात्रताही मिळवली.

२२. गावच्या '२१ किलोमीटर'मध्ये माझी पीबी (स्वतःची सर्वोत्तम वेळ) झाली. ती धरायची का?

मार्ग प्रमाणित नसेल तर घरच्या वहीत धरा, नोंदणी अर्जात नको. अशा मार्गांवर गाडीच्या मीटरने मोजलेलं अंतर पाचशे मीटर इकडेतिकडे सहज असतं. मोठ्या मॅरेथॉन पात्रतेसाठी प्रमाणित मार्गाचीच वेळ मागतात. प्रमाणित असूनही काही मार्ग विक्रमाला चालत नाहीत: सुरुवात आणि शेवट यांतलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नको, आणि एकूण उतार किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त नको. म्हणूनच 2011 मध्ये बॉस्टनला जेफ्री मुताईच्या 2:03:02 ला जागतिक विक्रम म्हटलं गेलं नाही. घाटाच्या उतारावरच्या तुमच्या पीबीलाही तोच न्याय.